थेंब घालण्यापूर्वी

प्रिय धाकट्या,

पाकीट बघून तुला वाटेल, ताईचं डोकं फुटलंय की काय. फुटलेलं नाही, नुसतं आपटलंय. पण जबडा तारांनी बांधून टाकलाय, वरचे दात खालच्यांना शिवल्यासारखे. त्यामुळे तू फोनवर "हॅलो, हॅलो" करत बसतोस आणि मी इकडे नाकातून हुं हुं करते. मोबाइलवर टाइप करायचं तर धड राहिलेला एकच डोळा, तोही दहा मिनिटांत पाणी गाळायला लागतो. आणि खरं सांगायचं तर मेसेज तू अर्धाच वाचतोस आणि उरलेला स्वतःच्या मनाने भरतोस. म्हणून कागद. कुरिअर दोन दिवसांत पोचेल, म्हणजे तू निघायच्या आत. हे शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून कुणाला फोन लावू नकोस.

आधी तब्येतीचं. डाव्या गालाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं, तिथे आतून पट्टी बसवलीय. तारा अजून चार आठवडे. खालचे तीन दात गेले. दूध आणि सूप नळीने ओढते, आणि ओढताना इतका आवाज होतो की शेजारच्या खाटेवरची बाई तोंड फिरवून घेते. डावा डोळा वाचला. पण त्याची बाहुली आता लहान होत नाही. मार बसला तेव्हा आतला स्नायू फाटला, म्हणजे मी लोकांच्या डोळ्यांत जे थेंब घालत होते ते कुणीतरी माझ्या एका डोळ्यात कायमचे घातल्यासारखं झालंय. खिडकीकडे बघितलं की सुरी खुपसल्यासारखं होतं. काळा चष्मा लावून वॉर्डात बसते. मी जिन्यावरून पडले असं तू आईला सांगितलंस, ते बरं केलंस.

तू मला नेहमी चिडवायचास, "आमची ताई काय करते? पगार घेऊन लोकांच्या डोळ्यांत पाणी आणते." तसंच आहे ते काम. लांबून बघणाऱ्याला वाटतं, यात काय, पापणी ओढायची आणि थेंब सोडायचा. आतला पडदा बघायचा तर बाहुली मोठी व्हावी लागते, म्हणून थेंब. पण काही डोळे आतून अरुंद असतात. पाणी वाहून जायची वाट आधीच चिंचोळी, आणि थेंबाने बाहुली पसरली की ती वाट बंद होते. डोळ्यातलं पाणी तुंबतं, दाब चढतो, आणि काही तासांत नजर जाऊ शकते. असे डोळे फार नसतात, शेकड्यात एखादा, कधी तोही नाही. तो एखादा ओळखण्यासाठी आम्हाला दोन गोष्टी शिकवल्यात. पहिली, विचारायचं. काचबिंदू आहे का, घरात कुणाला होता का, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का, डोकं दुखून मळमळतं का. दुसरी, टॉर्च. कानाच्या बाजूने बुबुळावर आडवा उजेड टाकायचा. नाकाकडची बाजू उजळली तर आत जागा आहे. तिथे सावली पडली तर थेंबाची बाटली खाली ठेवायची आणि डॉक्टरांना हाक मारायची. एवढंच. अर्धं मिनिट लागतं. मग कार्डावर दोन चौकोन असतात, दोन्हीत खूण करायची.

तो सोमवार होता. साठच्या वर कार्डं लागली होती आणि बुटकी रजेवर होती. बुटकी म्हणजे माझ्याबरोबर थेंबांच्या खोलीत काम करणारी, तिचं खरं नाव आता तिलाच आठवत असेल तर असो. साडेअकराच्या सुमाराला एक माणूस आईला घेऊन आला. वेल्डर होता. दंडावर ठिणग्यांचे डाग, मानेला टॉवेल, सारखं घड्याळ बघणं. म्हातारी अंगाने एवढीशी, त्याच्या कोपराला धरून उभी. त्याने कार्ड टेबलावर आपटलं आणि म्हणाला, "अर्ध्या दिवसाची रजा काढलीय मी. थेंब घालायला काय डिग्री लागते का? घाला लवकर." मी म्हातारीला विचारलं, मावशी, दिव्याभोवती कडी दिसतात का, डोकं दुखतं का. तिने तोंड उघडलं. तो मध्येच म्हणाला, "काही नाही तिला. नुसतं जवळचं दिसत नाही. घाला तुम्ही." मी थेंब घातले. बोलता येत नाही म्हणून पाटीवर लिहून, त्याचा फोटो काढून परवा तुला जे पाठवलं होतं, "मी विचारलं होतं, त्यानेच नाही म्हटलं," ते इथवरचं. ते खरं आहे. पण सगळं नाही.

पुढे त्यांच्या घरी काय झालं ते मला नंतर कळलं. आतली तपासणी झाली, आणखी दोन रोग्यांच्या मागे बसून चष्म्याचा नंबर काढला आणि दोघं घरी गेली. जाताना मी त्याला सांगितलं, चार-सहा तास अंधुक दिसेल, उन्हात नेऊ नका, आणि डोळा फार दुखला, लाल झाला, उलटी झाली तर लगेच घेऊन या. तो फोनवर बोलत होता. मान हलवली, पण ती मला की फोनवाल्याला, कोण जाणे. संध्याकाळी म्हातारीचं डोकं फुटायला लागलं. उजवा डोळा दगडासारखा कडक, लालभडक. तिने तीनदा उलटी केली. सुनेने म्हटलं, हॉस्पिटलात नेऊ या. तो दिवसभराचा वैतागलेला. म्हणाला, बाईने सांगितलंय अंधुक दिसेल म्हणून, उगाच तमाशे नकोत, गोळी घे आणि पड. म्हातारी भिंतीवर कपाळ आपटायला लागली तेव्हा तो तिच्यावर ओरडला, चूप बस म्हणून. ती बसली चूप. मंगळवारी सकाळी आमच्या दारात आणली तोवर वेळ गेली होती. मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टरांनी, सगळं केलं, शिरेतून औषध, लेसर, सगळं. बुधवारी त्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की त्या डोळ्यात आता उजेड आणि अंधार एवढंच कळेल.

गुरुवारी दुपारी तो एकटा आला. मी एका बाईच्या डोळ्यात थेंब घालून तिच्या नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरलं होतं, औषध घशात उतरू नये म्हणून धरतो तसं. मला दारात नुसती सावली दिसली. त्याने विचारलं, "ओळखलंस का?" मी मान वर केली आणि त्याने थोबाडीत मारली. धाकट्या, मार म्हणजे काय ते आपल्याला बाबांमुळे माहीत होतं, पण हा निराळा होता. बाबा थांबत. माझं डोकं मागच्या, नजर तपासायच्या अक्षरांच्या दिव्याच्या पेटीवर आदळलं, काच फुटली. मी खाली बसले तर त्याने केसांना धरून उठवलं. मग रोग्यांना बसायचं ते लोखंडी स्टूल उचललं. पहिला घाव मी हातावर घेतला. दुसरा गालावर बसला, आणि हाड मोडतं त्याचा आवाज बाहेरून नाही, आतून येतो, हे मला तेव्हा कळलं. तिसरा जबड्यावर. दात तोंडातच सुटे झाले, रक्ताबरोबर बाहेर आले आणि फरशीवर टकटक वाजत गेले. ट्रे उलटला होता. बाटल्या त्याच्या बुटाखाली फुटत होत्या. आणि सगळा वेळ तो एकच वाक्य म्हणत होता. शिवी नव्हती ती. "तिचं ऐकलं का नाहीस? तिचं ऐकलं का नाहीस?"

बाहेरच्या अंधाऱ्या खोलीत दहा-बारा जण थेंब घालून डोळे मिटून बसले होते. आरडाओरडा ऐकून सगळ्यांनी एकदम डोळे उघडले, आणि कुणालाच काही धड दिसेना. नुसती चमक आणि हलणारे आकार. एका म्हाताऱ्याने काठी उगारली आणि आमच्या झाडूवाल्याच्या पाठीत घातली. एक बाई मारेकरी समजून स्वतःच्या नवऱ्याला ढकलत होती. कुणीतरी दार उघडलं, बाहेरचं ऊन आत आलं, आणि लोक डोळ्यांवर हात घेऊन बाकांवर, एकमेकांवर पडायला लागले. एक निवृत्त मास्तर पायऱ्यांवरून गडगडले, मनगट मोडलं. पुढे पोलीस साक्षीदार शोधायला आले तेव्हा प्रत्येक जण म्हणाला, होतो की मी तिथेच. आणि पुढचा प्रश्न आला की, दिसलं नाही हो साहेब, थेंब घातले होते. बुटकी हे सांगताना हसली होती. मलाही हसू आलं. तारांमुळे हसता येत नाही, नुसतं दुखतं.

मग वॉचमन आला, कॅन्टीनची दोन माणसं आली, रोग्यांचे नातेवाईक आले. त्यांनी त्याला माझ्यापासून ओढून काढलं आणि आडवा पाडला. हे मी पोलिसांना सांगितलेलं नाही, तुला सांगते. मी भिंतीला टेकून पडले होते, एक डोळा रक्ताने भरला होता, दुसऱ्याने मी बघत होते. त्याने हात जोडले होते. तो आता मारत नव्हता. तरी ते त्याला लाथा घालत राहिले, बरगड्यांत, तोंडावर. कॅन्टीनवाल्याने त्याच्या हातावर तेच स्टूल आपटलं, त्याच्या कानाची पाळी फाटून लोंबत होती. आणि मला बरं वाटत होतं. मनात म्हणत होते, अजून, अजून. मी हात वर करून बस म्हणू शकले असते. हात मोडलेला नव्हता. मी केला नाही. मोठ्या मॅडम धावत आल्या आणि त्यांनी त्याच्या अंगावर स्वतःला आडवं घातलं, तेव्हा थांबले सगळे.

त्या रात्री शुद्ध जात-येत होती आणि मला बाबांचा वॉर्ड दिसत होता. तुला आठवतं ना? बाबांचा श्वास थांबला, तो लहानसा डॉक्टर बाहेर येऊन काहीतरी पुटपुटला, आणि तू सलाइनचा खांब उचललास. त्याचा हात कोपराजवळ वाकला तो मी बघितला. तो ओरडलाही नाही, भिंतीला पाठ लावून हळूहळू खाली बसला. त्याच्या मिशाही धड फुटल्या नव्हत्या. आपण काय केलं? आपण घरी आलो. मामा म्हणाले, पोरगा वाघ आहे. आईने तुझ्या पानात आधी वाढलं. आणि मी, जी रोज याच लोकांबरोबर काम करते, मी तुझ्या हाताला मलम लावलं. त्या डॉक्टरचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. चूक त्याची होती का, तेही माहीत नाही. आपण कधी विचारलंच नाही. मी तुला टोचून बोलत नाही. कुणी मध्ये पडायला येऊ नये म्हणून दार लावून धरून उभी होते मी, हेही तुला आठवत असेल.

इथे पहिले दोन दिवस माझ्या डोळ्यांत थेंब घातले नाहीत. डोक्याला मार असला की मेंदूचे डॉक्टर सारखी बाहुली बघतात, ती थेंबाने मोठी केली तर त्यांना काही कळत नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी हो म्हटल्यावर बुटकी बाटली घेऊन आली. मी तिच्या हाताखाली पडून होते. तिने मला सगळं विचारलं, जशी काही मी कुणी नवी बाई आहे. काचबिंदू? घरात कुणाला? कडी दिसतात? मी बोटाने नाही-नाही करत राहिले. मग तिने टॉर्च काढली, कानाच्या बाजूने धरली, वाकून बघितलं, दुसऱ्या डोळ्यालाही बघितलं. मग थेंब. झोंबतं रे. वीस वर्षं लोकांना सांगत आले, "थोडंसं चुरचुरेल," पण चांगलंच झोंबतं. मी रडायला लागले तर तिला वाटलं औषधाने. ती बोट दाबून बसली, आणि मी तिचा तो टॉर्चचा हात बघत राहिले.

अर्ध्या तासाने मॅनेजर आले. बरोबर कागद होता, माझा जबाब म्हणून टाइप केलेला. माझ्या डोळ्यांसमोर नुसती काळी-पांढरी खळ. ते म्हणाले, "तुम्ही त्रास घेऊ नका, मी वाचून दाखवतो. तपासणीचे सर्व टप्पे नियमाप्रमाणे पूर्ण केले होते, कार्डावर दोन्ही खुणा आहेत, असं लिहिलंय. खाली सही करा. हॉस्पिटल तुमच्या पाठीशी आहे." माणूस वाईट नाही तो. माझं बिल हॉस्पिटलने भरावं म्हणून भांडला होता. पेन त्याने माझ्या बोटांत दिलं. मी रोग्यांना रोज बजावते, थेंब घातल्यावर चार-सहा तास गाडी चालवू नका, आणि न वाचता सही करू नका. मी पाटीवर चाचपडत लिहिलं, दिसायला लागलं की करते. ते कागद ठेवून गेले. तो कागद उशीखाली तीन दिवस होता. मला दुसऱ्याच सकाळी दिसायला लागलं होतं.

कागद आल्यापासून चौथ्या दिवशी म्हातारी आली. सुनेने हाताला धरून आणली. उजव्या डोळ्यावर पट्टी, डाव्यात बाहुली लहान ठेवायचे थेंब, म्हणून सगळं तिला काळोखातून दिसत होतं. मला वाटलं, मुलाला सोडवा म्हणून पाया पडायला आलीय. मी घाबरले, खोटं कशाला बोलू. त्याची आई म्हणजे त्याचंच रक्त, असं वाटून मी उशी छातीशी धरली. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "तुम्हाला बोलता येत नाही म्हणे. बरं झालं. मग माझं होईल बोलून." आणि बोलायला लागली. त्या दिवशी तिला हे सांगायचं होतं की संध्याकाळी बल्बभोवती तिला कडी दिसतात, लाल, निळी, पिवळी, वर्षभर दिसतात. तिला ती आवडायची. बाकी काही रंगीत उरलेलं नाही घरात, म्हणाली. आणि तिच्या आईचे दोन्ही डोळे असेच गेले होते, एका रात्रीत. मुलगा वाईट नाही, तो मारत नाही, फक्त कुणाला वाक्य पुरं करू देत नाही. नवराही तसाच होता. "तुम्ही विचारलंत तेव्हा मला वाटलं, ही बाई ऐकेल. तुम्ही माझ्याकडे बघितलंत सुद्धा. मग तुम्हीही त्याचंच ऐकलंत." ती ओरडून बोलली नाही. पाणी मागावं तसं बोलली. मी तारांच्या आतून काहीतरी आवाज केला आणि ती म्हणाली, "थांबा, अजून संपलं नाही माझं."

तर जे राहिलं ते आता सांगते, धाकट्या. टॉर्च माझ्या एप्रनच्या खिशात होती. चालू होती. मी ती बाहेर काढली नाही. वेळ नव्हता असं मी सगळ्यांना म्हटलं असतं, पण अर्ध्या मिनिटाने काही बुडणार नव्हतं. त्या माणसाने कार्ड आपटलं, डिग्रीवरून बोलला, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हातारीने तोंड उघडलं होतं ते मी बघितलं. तिला काही सांगायचंय हे मला कळलं. मी मनात म्हटलं, तुझ्या लेकाला घाई आहे ना, घे मग. त्याच्यावरचा राग मी तिच्या पापणीवर काढला. गरजेपेक्षा जोरात ओढली मी ती. ती कळवळली. मी थेंब सोडले, आणि मग कार्डावर दोन्ही चौकोनांत खुणा केल्या. दुसरी खूण खोटी आहे. त्या खोलीत मारामारी गुरुवारी झाली असं सगळे म्हणतात. सुरुवात सोमवारी माझ्या हाताने झाली होती.

म्हणून त्याला माफ केलं असं समजू नकोस. त्याने स्टूल उचललं त्याला कुणाचीच चूक पुरी पडत नाही. माझी तक्रार मी मागे घेतलेली नाही, घेणारही नाही. पण मॅनेजरचा टाइप केलेला कागद मी परत पाठवला. काल इन्स्पेक्टर बाई आल्या, त्यांच्यासमोर मी माझ्या हाताने चार पानं लिहिली. त्याने काय केलं ते सगळं लिहिलं, आणि टॉर्चचंही लिहिलं. त्यांनी विचारलं, "हे लिहिलंत तर तुमची नोकरी राहील का?" मी लिहिलं, बहुतेक नाही. त्यांनी दोनदा वाचलं आणि मला सही करायला पेन दिलं. आज सकाळी मोठ्या मॅडम येऊन गेल्या. माझ्या चार्टवर काहीतरी बघितलं आणि निघाल्या. दारापर्यंत जाऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "मीही त्या दिवशी तिला परत विचारलं नव्हतं. कार्डावर तुझी खूण होती." मग गेल्या.

आता हे पत्र का, ते. तुझा शेवटचा व्हॉइस मेसेज मी आठ-नऊ वेळा ऐकला. तू गुरुवारी निघतोयस, तुझ्या कामावरचे, यार्डातले चौघं बरोबर आहेत, शुक्रवारी तो जामिनावर सुटतोय हे तू शोधून काढलंयस, त्याची गल्लीही काढलीयस. "ताई, त्याचे हात राहणार नाहीत," असं म्हणालास. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला परत बरं वाटलं, ते लपवत नाही. पण ऐक. म्हातारीचा डावा डोळाही आतून तसाच अरुंद आहे. त्याला लेसरने बारीकसं भोक पाडलं नाही तर तोही एखाद्या संध्याकाळी जाईल. दोनदा तिला यंत्रासमोर बसवलं, दोनदा किंचाळून पळाली. कुणालाच डोळ्याजवळ हात नेऊ देत नाही. परवा कशीबशी कबूल झाली, शनिवारी अकरा वाजता. तिच्या दोन अटी आहेत. एक, मुलगा बरोबर हवा, कारण यंत्रासमोर बसायचं तर तिला त्याचाच हात धरायचाय. दुसरी, मी खोलीत हवी. त्याला आवारात येऊ द्यायचं नाही असं मॅनेजरचं म्हणणं होतं. इन्स्पेक्टर बाई एक शिपाई बरोबर देणार असतील तर येऊ द्या, असं मी लिहून दिलंय. लिहून तर दिलं, पण धाकट्या, कॉरिडॉरमध्ये कुणाचे बूट वाजले तरी मी पांघरूण डोक्यावर ओढून घेते. काल सफाईवाल्याने स्टूल सरकवलं आणि मी अंथरूण ओलं केलं. त्या दारातून तो आत येईल आणि मी बाकावर बसलेली असेन, हे मला एकटीने जमणार नाही. त्या चौघांना घरी ठेव. तू एकटा ये, आणि शनिवारी माझ्या शेजारी बस. काही बोलू नकोस, त्याच्याकडे बघायचं तर बघ, पण हात मांडीवर ठेव. तेवढा वेळ तू तसा बसलास तर मी बसू शकेन.

तुझीच,
ताई